बिगर लोखंडाचा प्रयोग

“बिगर त्याचं करून पाह्यलं का?”

हा प्रश्न विचारताना सर चष्मा कपाळावर सरकवत आणि उत्तर मिळेपर्यंत तो खाली घेत नसत. अंबडच्या बसस्थानकासमोर चहाला कधी थांबला असाल, तर कपाळावर चष्मा ठेवून समोरच्याच्या तोंडाकडे पाहत बसलेले हे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील.

ते तिथल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितलं, आमच्या बातमीमुळे घनसावंगीचा रस्ता दुरुस्त झाला. चष्मा वर गेला.

“बिगर बातमीचा झाला नसता का?”

मी चहाचा कप उचलला. “वाईट वाटून घेऊ नका, पत्रकार,” ते म्हणाले. “आमचा धंदाच हा आहे.”

एकदा अंकुशनगरकडे एका गुऱ्हाळावर आम्ही थांबलो होतो. काहिलीत रस उकळत होता आणि मळी वर यावी म्हणून गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओतत होता. सरांनी त्यालाही विचारलं. त्याने झाऱ्यावरची नजर न काढता उलट विचारलं, “सर, तुम्ही बिगर साखरेचा चहा पेता का?” सगळे हसले, सर सगळ्यांत जास्त. दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यांनी बिगर साखरेचा चहा मागवला, एक घोट घेतला, थोडा वेळ विचार केला. “फरक पडतो. बिलकुल पडतो,” म्हणाले आणि साखर मागवली.

त्यांचं संशोधन त्यांनी मला याच हॉटेलात समजावून सांगितलं. औषधं तयार करताना दोन रेणू एकमेकांना जोडावे लागतात. ते जोडणीचं काम पॅलेडियम नावाचा धातू करतो. तो स्वतः खर्ची पडत नाही, फक्त काम उरकून देतो; अशाला उत्प्रेरक म्हणतात. “बिगर त्याचंही बऱ्याच वेळा होतं,” सर म्हणाले, “पण हळू होतं. इतकं हळू, की माणूस वाट पाहणं सोडून देतो.” पॅलेडियम दुर्मिळ आणि महाग. तेच काम लोखंडाकडून करून घ्यायचं, हा सरांचा ध्यास. “जालन्यात भट्ट्यांमध्ये लोखंड वितळून राह्यलं, आन आपण बाहेरून पॅलेडियम मागवून राह्यलो,” असं ते चिडून म्हणत.

अनेक वर्षांनंतर ते जमलं. शोधनिबंध छापून आला, मी मोठी बातमी केली. लोखंड टाकलं की रेणू जोडले जात. लोखंड न टाकता केलेल्या प्रयोगात काहीच होत नसे. हा बिगरचा प्रयोग सरांनी पुन्हा पुन्हा केला होता. त्याच्यासाठी त्यांनी कपाटात वेगळं, कोरं भांडं राखून ठेवलं होतं, आणि मिश्रण ढवळण्यासाठी भांड्यात टाकतात तो छोटा चुंबकही नवा. त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. “बिगर म्हणजे पूर्ण बिगर,” ते म्हणत.

नेहमीच्या प्रयोगांना जुना चुंबक असे. हैदराबादला पीएच.डी. झाल्यावर मार्गदर्शकांनी निरोप देताना तो सरांच्या हातावर ठेवला होता. शेंगदाण्याएवढा, पांढऱ्या आवरणाचा, एका टोकाला काळपट पडलेला. सर तो स्वतः धूत.

सरांच्या प्रोफेसरपदाच्या मुलाखतीला आठवडा उरला होता. फोटो काढायला मी प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा त्यांची विद्यार्थिनी प्रज्ञा टेबलापाशी उभी होती. ती घनसावंगीकडची, वडील शिक्षक. तिचा पीएच.डी.चा प्रबंध याच लोखंडावर लिहून होत आला होता.

“सर, चूक झाली,” ती म्हणाली. “जुना चुंबक ओव्हनमध्ये वाळत होता. म्हणून परवा मी तुमचा नवा टाकला.”

“बिगरचा? त्याला हात लावू नको म्हणलं होतं ना?”

“लोखंड नेहमीएवढंच होतं, सर. काहीच झालं न्हाई.”

सरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“मंग काल जुना चुंबक घेतला. आन बिगर लोखंडाचं करून पाह्यलं.”

चष्मा वर गेला. “मंग?”

“झालं, सर.”

हैदराबादच्या प्रयोगशाळेत सगळं काम पॅलेडियमवर चाले. त्या काळपट टोकात ते इतकी वर्षं बसून होतं. किती धुतलं तरी थोडं थोडं सुटत होतं आणि सरांच्या लोखंडाचं काम करून देत होतं. हे मला नंतर समजलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की सरांनी चुंबक तळहातावर घेतला आणि प्रज्ञा रडायला लागली.

“घरी काय सांगू, सर? पप्पांनी गावभर सांगून ठेवलं, पोरगी डॉक्टर होऊन राह्यली म्हणून.”

“होशील की. आतापर्यंत तू माझं लिहून राह्यली होतीस. आता तुझं लिही. हे कसं झालं ते लिही.” मग माझ्याकडे वळून, “फोटो राहू द्या, पत्रकार.”

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. “आठवडाभर गप राहा ना, सर. मुलाखत होऊ द्या. कोण पाहून राह्यलं?”

“मी पाहून राह्यलो ना,” सर म्हणाले.

निबंध त्यांनी मुलाखतीआधी मागे घेतला. पद मिळालं नाही. खुलासा छापायला आमचे संपादक तयार नव्हते, पण सर माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि उठेनात. शेवटी आतल्या पानावर चार ओळी आल्या. माझी मोठी बातमी त्यांनी कधी भिंतीवर लावली नव्हती. या चार ओळी मात्र प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवल्या.

प्रज्ञाला पदवी उशिरा मिळाली, पण मिळाली. तिच्या वडिलांनी पेढे आणले तेव्हा सरांनी विचारलं, “बिगर वेलदोड्याचे करून पाह्यले का?” ते बिचारे मिठाईवाल्याला विचारून सांगतो म्हणाले.

निवृत्तीच्या समारंभात प्रत्येक वक्त्याने सरांना आपल्या आयुष्यातला उत्प्रेरक म्हटलं. उत्तराला सर उभे राहिले, चष्मा कपाळावर गेला. “बिगर माझं करून पाह्यलं का कुणी?” हशा झाला आणि ते खाली बसले. तेवढंच भाषण.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले.

परवा कामानिमित्त महाविद्यालयात गेलो होतो. प्रज्ञा आता तिथेच शिकवते. दारावरच्या चार ओळी पिवळ्या पडल्यात. जुना चुंबक तिने काचेच्या बंद नळीत घालून खिडकीत ठेवलाय. नव्या मुलांना आधी तो दाखवते. लोखंडाचं काम तिने सोडलेलं नाही. टेबलावर एका भांड्यात नवा चुंबक गरगरत होता.

“कसं चाललंय?” मी विचारलं.

“आम्ही बिगर सरांचं करून पाहून राह्यलो.”

“मग?”

तिने भांडं उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

“होऊन राह्यलं,” ती म्हणाली. “हळू होऊन राह्यलं.”