मधाच्या पेटीचा कोट

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला दोन प्रश्न विचारलेत. परसात मधमाशा पाळायच्या तर पेटी कोणती घ्यावी, आणि बर्फ पडायला लागल्यावर तिला काय गुंडाळावं. विचार करून सांगते म्हटलं होतं, तो विचार आता झाला आहे. तुमच्याकडच्या बर्फाचं मला काही कळत नाही. भोकरदनला मी बर्फ पाहिला तो फक्त हातगाडीवर, भुशात पुरलेला. पण पेटी निवडणं आणि तिला गुंडाळणं हे दोन्ही उद्योग आमच्या घरात झालेले आहेत, तेव्हा क्रमाने सांगते.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. तुमचे आजोबा आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ते शास्त्र, मी इंग्रजी. आजोबा कुठल्याशा शिबिराला गेले आणि मधमाशांचा नाद घेऊन परतले. घरात आम्ही दोघं आणि त्यांची आई, म्हणजे तुमची पणजी. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. परसात एक निंबाचं झाड आणि त्याखाली आत्याबाईंची लाडकी म्हैस.

पेटी कशी असावी यावर तीन मतं होती. आत्याबाईंचं मत माठ.

"माह्या माहेरी भिताडाच्या कोनाड्यात राह्यच्या माशा," त्या म्हणाल्या. "त्याह्यला कोन पेटी देल्ती? माठ आडवा ठेव, तोंड लिप, झालं."

आजोबांना चहाचं रिकामं खोकं फुकट मिळत होतं, म्हणून त्यांचं मत खोकं. मी वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यातल्या सगळ्या पेट्या बर्फात उभ्या होत्या, तो भाग मी सोडून दिला. बाकीचं पटण्यासारखं होतं. माठातला मध काढायचा तर माठ फोडावा लागतो. खोक्याच्या पातळ फळ्या उन्हात पापडासारख्या वाकतात. पेटी जाड लाकडाची हवी, सांधे घट्ट हवेत आणि झाकण उचलता यायला हवं. हे मी दोघांनाही शांतपणे समजावून सांगितलं आणि माझं मत मंजूर झालं. सुताराकडे बैलगाडीचं काम करून उरलेलं बाभळीचं लाकूड होतं. त्याने त्याची पेटी केली. ती आणायला चार माणसं लागली आणि चौघांनीही वाटेत दोनदा टेकवली.

"गुरुजी," सुतार घाम पुसत म्हणाला, "माशा मरतीन, पन पेटी न्हाई मरायची."

एका विहिरीच्या कपारीतून सातेरी माशांची वस्ती आणून आजोबांनी पेटीत घातली. सातेरी म्हणजे आपली देशी माशी, लहानखुरी आणि थोडी रागीट. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. माशा कामाला लागल्या.

त्याच सुमारास तुमच्या बाबांची चाहूल लागली होती. सातव्या महिन्यात माझं डोहाळजेवण झालं, तेव्हा माझी आई जाफराबादहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. जन्मलेल्या बाळाच्या जिभेला सोन्याच्या अंगठीने मध लावायची तेव्हा घरोघरी पद्धत होती. (आता डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका म्हणतात आणि ते बरोबर आहे. तुमच्या मुलांना देऊ नका.) आई जेवता जेवता सहज म्हणाली, "मधाची बाटली मी जालन्याहून मागवून ठेवलीय हं, विहीणबाई. काही काळजी करू नका."

आत्याबाईंचा हात ताटातच थांबला. "बाटलीतला?"

"चांगल्या दुकानातला आहे."

"बाटलीत काय, गुळाचं पानीबी असतंय. माह्या नातवाच्या जिभंला आमच्या घरचा मध लागंल. पेटी हाय आमची. मोठी पेटी हाय!"

पंक्तीतल्या सगळ्या बायकांनी हे ऐकलं. बाळंतपण माहेरचं, पाळणा माहेरचा, बाळंतविडाही माहेरचा. सासरकडून नातवाला पहिली गोष्ट जायची ती हा मध, असं आत्याबाईंनी मनात पक्कं केलं. अडचण एवढीच की पेटीत तेव्हा मध नव्हता. निंबाला मोहोर येऊन पोळं भरेपर्यंत वाट पाहायची होती, आणि मोहोराबरोबर उन्हाळाही येतो. उन्हाळा सोसला नाही की सातेरी माशा सगळा संसार टाकून उडून जातात.

मोहोर आला, ऊनही आलं. दुपारी माशा पेटीच्या दारावर दाढीसारख्या लोंबायला लागल्या. कितीतरी जणी दारात उभ्या राहून पंखांनी आत वारा घालत होत्या. आत्याबाई दर तासाला जाऊन पाहून यायच्या. "बायांनो, जाऊ नका गं. एवढं नातवाचं होऊ द्या, मंग जा कुठं जायाचं ते."

आजोबांनी शास्त्रीय तोड काढली. बर्फवाला बर्फ भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो तो बाहेरचं ऊन आत जाऊ नये म्हणून. मग पेटीलाही जाड कापसाचं वेष्टण घातलं तर आत गारवा राहील. तत्त्व चुकीचं नव्हतं, हे मी आजही मान्य करते. माझ्या जुन्या पडद्यांचं कापड निघालं. पेटीचं झाकण उघडता यावं म्हणून मी पुढच्या बाजूला बटणं लावली, दारासाठी भोक ठेवून त्याला काजं घालतात तसे टाके घातले. गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याला बोलावलं.

तो पेटीभोवती एक फेरी मारून आला. "माँजी, दूल्हे की गादी भरी, दुल्हन की रजई भरी. मक्खी का कोट जिंदगी में पैली बार. सर्दी हुई क्या इनको?"

"सर्दी न्हाई, गरमी हून राह्यली," आत्याबाई म्हणाल्या.

"गरमी को कोट?"

आजोबा पुढे झाले. "बर्फवाला बर्फाला का गुंडाळतो, सांग बरं."

"बेचने को, गुरुजी."

पिंजाऱ्याने कापूस मागितला. आत्याबाईंनी शेतातून आलेला, सरकी न काढलेला कापूसच त्याच्यापुढे ओतला. बिया काढून, पिंजून घेऊ म्हणाला तर त्या ऐकेनात. "कशाला फुकट खर्चा? माशा काय त्याच्यावर झोपनार हायेत?"

कोट बरोबर बसला. फुलाफुलांचा, बटणांचा, पोटात चांगला फुगलेला. पेटी एखाद्या खात्यापित्या घरच्या आजीसारखी दिसायला लागली. गल्लीतल्या बाया बघायला येऊ लागल्या. "मास्तरीनबाई, बाही नाही काढली का?" एकीने विचारलं. मात्र दारावरची दाढी खरंच कमी झाली. आत्याबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर जाफराबादला निरोप धाडायला सुरुवात केली की मध होऊन राह्यला आहे.

आता सरकी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल. सरकी म्हणजे कापसाचं बी. आमच्याकडे ती दुभत्या जनावरांना खायला घालतात. जनावरांना ती जिलबीसारखी आवडते. हे आमच्या तिघांनाही माहीत होतं. आम्ही रोज स्वतःच्या हाताने म्हशीला सरकी घालत होतो. आणि तरी सरकीने भरलेला कोट आम्ही म्हशीपासून दहा पावलांवर उभा केला होता.

एका दुपारी म्हशीने दावं तोडलं. मी परीक्षेचे पेपर तपासत होते, बाहेर फरफर असा आवाज आला म्हणून खिडकीतून पाहिलं. म्हैस डोळे मिटून कोटाची पाठ खात होती. बटणं तटातट उडाली. माशा बाहेर आल्या आणि त्यांना म्हशीचं सगळ्यात मऊ ठिकाण लगेच सापडलं, ते म्हणजे नाक. म्हशीने पेटीला जीव खाऊन धडक दिली. बाभळीची पेटी बोटभरही हलली नाही. म्हैस मात्र कोट शिंगांत अडकवून, परसाचं फाटक घेऊन, बाजारपेठेकडे निघाली.

"गुरुजी, म्हैस लग्नाला निघाली का?" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं. आजोबा एका पायात चप्पल घालून तिच्यामागे पळाले.

आत्याबाई म्हशीमागे गेल्या नाहीत. इतकी लाडकी म्हैस, पण त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पेटी भर उन्हात उघडी पडली होती आणि माशा चवताळून घोंघावत होत्या. आत्याबाई घरातून छत्री घेऊन आल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढला आणि पेटीवर छत्री धरून उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, आत या! चावतील!"

"चावू दे. गेल्या तर इहीनीला काय तोंड दाखवू?"

एका माशीने त्यांच्या वरच्या ओठालाच डंख केला. ओठ वांग्याएवढा झाला, तरी छत्री हलली नाही. आजोबा म्हैस घेऊन परतले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. त्यांनी पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचं, एक खोपटं पेटीवर उभारलं आणि वर ओलं गोणपाट टाकलं. पुढे तेच टिकलं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तरही इथेच येतं: पेटी जड घ्या, आणि तिला काहीही गुंडाळा, पण आसपासचं कुठलं जनावर ते खात नाही एवढं आधी पाहा.

माशा राहिल्या. परीक्षा संपवून मी माहेरी गेले आणि यथावकाश तुमचे बाबा झाले. निरोप पोचताच आत्याबाई एस.टी.ने जाफराबादला आल्या. मांडीवर पितळेची लहान लोटी, तोंडाला फडकं बांधलेलं. वाटेत कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही म्हणाल्या. माझ्या आईची बाटली फडताळात तयार होती. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. अंगठी लोटीत बुडवली आणि बाळाच्या जिभेला लावली.

बाळाने कपाळाला आठ्या घातल्या, तोंड वाकडं केलं आणि घर डोक्यावर घेतलं.

आई म्हणाली, "कडू असेल, विहीणबाई."

"मध कुठं कडू असतो?"

आईने बोट बुडवून चाटलं. "कडूच आहे. निंबाचा ना?"

आत्याबाईंनी चाटलं. "जराशी झाक हाय. गोडच हाय."

"आधी गोड लागतं, मागून कडू येतं."

"कुठं येतंय? पुन्हा बघा."

आईने पुन्हा बघितलं. आत्याबाईंनीही बघितलं. दोघी पाटावर बसल्या, मधे लोटी. बराच वेळ कुणी हरायला तयार नव्हतं. मला वासानेच तोंडाला पाणी सुटलं होतं. खाटेवरून मी म्हटलं, "मलाही द्या की थोडा."

"बाळंतिणीने कडू खाऊ नये," आई म्हणाली.

"कडू न्हाईच म्हनते मी!" आत्याबाई उसळून म्हणाल्या. "आत्ता देते तिला, तीच सांगंल." आणि त्यांनी लोटी माझ्याकडे वाकडी केली, मग उलटी केली, मग तळावर दोन थापट्या मारल्या.