काडीमोड पाहिलेलं माणूस

मैत्रिणींनो, दुपारी सांगलीच्या कोर्टातून आले, आणि आता तुम्हालाच विचारतेय.

माझे मालक मिलिटरीत होते. दोन महिन्यांपूर्वी गेले. पेन्शन माझ्या नावावर करायला मी गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "यांच्या जुन्या कागदांत बायको म्हणून दुसरंच नाव आहे. तिच्या घटस्फोटाचा हुकूम आणा."

म्हणून आज रेकॉर्ड रूम गाठली. आमचं लग्न शहात्तरचं. कारकुनानं त्याआधीची सगळी रजिस्टरं चाळली. नोंदच नाही!

घरी येऊन थोरल्या दिरांना विचारलं. म्हणाले, "अगं, तवा कोर्टात कोण जायचं? पंचांपुढं काडी मोडली, झालं. मी नव्हतो, नोकरीवर हुतो."

वकिलांना फोन केला. म्हणाले, "रिवाज होता, चालेल. पण काडीमोड डोळ्यांनी पाहिलेलं माणूस उभं करा."

पंच सगळे गेले. उरलीय ती एकटीच, त्यांची पहिली. वाईला असते. जन्मभर जिचं नाव मी घरात निघू दिलं नाही, ती. उद्या तीच म्हणाली, "काडीमोड झालाच नाही," तर मी कोण?

उद्या सकाळच्या एसटीनं निघतेय. तिनं दार उघडलं की काय म्हणून हाक मारू, सांगा ना?