वसंता पेंटर आणि मास्तरांचा ठिपका

रेडिओ दुरुस्त करून झाला की टेबलावर दोन-तीन स्क्रू हमखास उरतात. सेट छान वाजत असतो, गिऱ्हाईक खूश होऊन गेलेलं असतं आणि हे स्क्रू नेमके कुठले, ते देवालाही ठाऊक नसतं! माझ्या दुकानात अशा स्क्रूंनी बिस्किटाचा एक डबा भरला होता. वसंता पेंटरचे किस्सेही माझ्याकडे तसेच साठलेत. कुठे बसवायचे ते कळत नाही आणि टाकवतही नाहीत.

वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं कोल्हापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवले, फोटो स्टुडिओचे पडदे रंगवले, थिएटरच्या स्लाइडी केल्या आणि शेवटी व्हिडिओ कॅमेरा घेऊन असं काहीतरी करायला लागला, की त्याला काय म्हणायचं तेच कुणाला कळेना. मलाही कळलं नाही. मात्र त्याच्या प्रत्येक उद्योगात वायर जोडायला मीच!

*

वसंता शिकला तो मास्तरांच्या शेडमध्ये. सिनेमाचे दहा-दहा फुटी बोर्ड तिथे रंगायचे. मास्तर तोंडानं कुणाचं कौतुक करत नसत. चेल्याचं काम पसंत पडलं, तर तांबड्या रंगात अंगठा बुडवून चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका द्यायचे. ठिपका मिळाला की पोरगा पेंटर झाला. सही नाही, सर्टिफिकेट नाही, तेवढंच.

वसंताच्या परीक्षेला हिरॉइनचा चेहरा होता. यानं सगळ्या बोर्डावर तिचा एकच डोळा काढला!

मास्तर कमरेवर हात ठेवून बोर्डासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "बाकीची बाई कुठं गेली रं?"

"मास्तर, ती लई जवळ आलीया. एवढ्या जवळनं डोळाच दिसणार की!"

वेळ नव्हता म्हणून बोर्ड तसाच थिएटरवर चढला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे पावणे तिकिटाच्या खिडकीवर विचारत होते, "डागदर किती वाजता येतोय? मोतीबिंदू दाखवायचाय."

वसंताला ठिपका मिळाला नाही. रागानं त्यानं शेड सोडली, पण ठिपक्याचं त्याच्या डोक्यातून गेलं नाही. पुढची वीस वर्षं तो जे काही करायचा, त्यानंतर मला एकच विचारायचा, "दिन्या, ह्याला मास्तरांनी ठिपका दिला असता का रं?"

मी रेडिओवाला. मी काय सांगणार!

*

मग तो एका फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायला लागला. लोकांना फोटोत मागे ताजमहाल हवा असायचा, नाहीतर बाग आणि कारंजं. वसंतानं महिनाभर खपून एक पडदा काढला. त्यावर काय? त्याच स्टुडिओची भिंत! तोच खुंटीला अडकवलेला आरसा, तेच कॅलेंडर, पोपडे उडालेला तोच कोपरा. काम असं हुबेहूब की पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते मालकालाही सांगता येईना.

चार दिवसांत उचगावचं एक कुटुंब फोटो घेऊन भांडायला आलं. "पैसं पुरतं घेतलासा आणि मागं पडदाच लावला न्हाईसा व्हय?"

मालकानं हात जोडले. वसंता मात्र दोन दिवस हवेत होता. पडदा दिसलाच नाही, याचा एवढा आनंद झालेला पेंटर मी दुसरा पाहिला नाही.

*

पुढे स्लाइडी. इंटरव्हलला पडद्यावर जाहिराती दाखवायच्या, त्या काचेवर रंगवलेल्या असत. एका गूळवाल्यानं वसंताला स्लाइड सांगितली. यानं गुळाची पिवळीधमक ढेप काढली, वर दुसरी काच बसवली आणि दोन्ही काचांच्या फटीत एक जिवंत मुंगी सोडली!

इंटरव्हल झाला. पडद्यावर गुळाची ढेप आली आणि तिच्यावरून म्हशीएवढी मुंगी तुरुतुरु चालायला लागली. बायका किंचाळल्या, पोरं बाकावर चढली. पुढच्या पिटातनं शिट्ट्या! "परत दावा! परत दावा!" अर्धं थिएटर वडा टाकून आत पळत आलं.

गूळवाला तणतणत प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये शिरला. "माझ्या गुळाला मुंग्या लागल्यात म्हणून गावभर दवंडी पिटतोयस व्हय रं?"

वसंताचं लक्ष कुठे होतं! माझा दंड धरून तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "दिन्या, चित्र चाललं! मी काढलेलं चित्र चाललं!" बल्बच्या उष्णतेनं मुंगी मरू नये म्हणून त्यानं तिला लगेच बाहेर काढलं आणि गुळाच्या खड्यावर ठेवलं. मला वाटतं, तो पेंटर राहिला नाही तो त्या संध्याकाळपासून.

*

व्हिडिओ कॅमेरा आला तो त्याच्या आखातातल्या मेव्हण्याबरोबर. कॅमेरा वसंताच्या खांद्यावर, रेकॉर्डरची जड पेटी माझ्या खांद्यावर आणि मधे वायर. तो वळेल तिकडे मी. लोक म्हणायचे, "आला बघा नंदीबैल!"

पहिलं लग्न मलकापूरला मिळालं. मंगलाष्टका सुरू झाल्या, सगळे अक्षता घेऊन सरसावले आणि वसंता सरळ मांडवाबाहेर चालू लागला. वायर ताणली, मी फरपटत मागे. मागच्या अंगणात नवरीची आई तुळशीला पाणी घालत उभी होती. रीतच तशी, मुलीवर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं. आतून 'शुभमंगल' ऐकू येत होतं, बाई ओठ घट्ट मिटून तांब्या तिरका करत होत्या. तांब्या कधीच रिकामा झाला होता. त्या तरी ओततच होत्या. वसंतानं तेवढंच टिपलं.

आठ दिवसांनी घरच्या मंडळींसमोर टेप लावली. नवरीचे वडील कडाडले, "अक्षता कुठं हाईत? नवरा-नवरी कुठं हाईत? एवढ्या खर्चात माझी बायकोच बघायची व्हती, तर ती रोज दिसतीया की मला!"

मी वायरी गुंडाळायला लागलो. मार पडणार हे नक्की होतं. तेवढ्यात माहेरपणाला आलेली नवरी कोपऱ्यातून म्हणाली, "आप्पा, मला आई दिसली नव्हती. परत लावा की."

ती टेप त्यांनी ठेवून घेतली. पण दुसऱ्या लग्नाचं बोलावणं त्या तालुक्यातून आलं नाही.

*

गावात टीव्ही घरोघर यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. वसंतानं हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं. तीन ओळींत एकावर एक नऊ टीव्ही आणि सगळ्यांवर रंकाळ्याचं पाणी. फक्त पाणी. नऊ टीव्ही कुठून आणणार? माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेले होतेच!

लोक आले, खुर्च्यांवर बसले. अर्धा तास झाला तरी पाणीच. एकानं शेजाऱ्याला समजावलं, "थांबा जरा, व्यत्यय आलाय. आत्ता सुरू हुतंय." एक पैलवान उठले आणि त्यांनी मधल्या टीव्हीला वरून दणका दिला. पाणी हललं. ते समाधानानं खाली बसले.

एवढ्यात मागून आवाज आला, "ओ दिनकरराव!"

महसूल ऑफिसातले इनामदार होते. खालच्या ओळीतल्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आमचा सेट. ह्याचा पार्ट मुंबईसनं यायचाय म्हणालातासा न्हवं?"

त्यांच्यामागे आणखी दोन गिऱ्हाईकं आपापला टीव्ही शोधत उभी होती. आयुष्यात एवढा घाम मला कधी फुटला नाही. वसंता निवांत. वर इनामदारांनाच म्हणतो, "साहेब, तुमच्या सेटवर पाणी सगळ्यात चांगलं दिसतंय."

गंमत म्हणजे इनामदार खूश झाले! "आणखी आठ दिवस ठेवा की मग," म्हणाले.

*

त्याच आठ दिवसांतली गोष्ट. मास्तर थकले होते, शेड विकून उचगावला लेकाकडे राहायला गेले होते. नवा मालक शेड पाडणार होता. वसंता म्हणाला, "आता न्हाय तर कधीच न्हाय." शेडमध्ये जाऊन एक टेप भरली, इनामदारांचा टीव्ही रिक्षात घातला, प्लेअर मांडीवर घेतला आणि भर दुपारी आम्ही उचगाव गाठलं.

मास्तर खाटेवर बसले होते. म्हणाले, "डबा आणलायस? रंग हाताला लागत न्हाय, त्येला मी चितर म्हणत न्हाय." तरी पण त्यांनी चष्मा लावला.

टेप सुरू झाली. शेडची मागची भिंत. चाळीस वर्षं सगळ्यांनी ज्या भिंतीला ब्रश पुसले, ती. निळा, पिवळा, तांबडा, थरावर थर, आणि पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन तिच्यावरून हळूहळू सरकत होतं. बाकी काही नाही.

मास्तर पुढे सरकले. म्हणाले, "ही कुणी रंगवली?"

"तुम्हीच, मास्तर. आणि आम्ही."

तेवढ्यात लाईट गेली! टीव्ही काळा ठिक्कर. वसंताचा चेहरा मला बघवेना. वीस वर्षं वाट बघितली आणि ऐन वेळी हे!

मास्तर मात्र तसेच त्या काळ्या काचेकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी मला राहवेना.

"मास्तर, लाईट गेलीया."

"गेली की," मास्तर म्हणाले. "तू गप बस. मला दिसतंय."

मग त्यांनी खाटेखालून रंगाची डबी ओढली, तांबड्या रंगात अंगठा बुडवला आणि इनामदारांच्या टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिला.