दुरून सांगितलेलं नाव

गेल्या महिन्यात हिर्डोशीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझी नणंद कुसुम विषमज्वरानं गेली होती. वय तेवीस, पदरात सात महिन्यांचा मुलगा. मला आधी आठवलं ते माझ्या शालनचं बारसं... रडू त्यानंतर आलं.

भोर संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. कुसुम तेव्हा बारा वर्षांची. माझ्याहून सात वर्षांनी लहान, तरी नवऱ्याची बहीण म्हणून मी तिला 'वन्सं' म्हणायची, अहोजाहो करायची. तिला त्याचं खुदकन हसू यायचं. शाळेच्या संमेलनातलं तिचं काम बघून पुण्याच्या एका सिनेमा कंपनीनं तिला नेलं. काम होतं सावत्र आईचं तान्हं बाळ विहिरीत टाकणाऱ्या मुलीचं. परत आल्यावर तिनं आम्हाला सगळं करून दाखवलं. "बाहुली व्हती वहिनी, आत नुसता कापूस. टाकल्यावर हसायचं व्हतं. म्या लई चांगलं हसले म्हनं." आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मी तर तिची दृष्टसुद्धा काढली.

पुढं उन्हाळ्यात भोरला तंबूत तो सिनेमा लागला आणि त्याच आठवड्यात मी बाळंत झाले. बाळंतिणीला खोलीबाहेर पडायची सोय कुठली? तो सिनेमा मी पाहिला नाही, आजतागायत नाही. मला तो सांगितला शेजारच्या शेवंताकाकूंनी, बाळाला शेक देता देता. बायकांनी पडद्याकडं बघून तळतळाट दिले, एकीनं चप्पल भिरकावली, आणि कुसुम आपल्यातच बसली आहे हे कळल्यावर लेकुरवाळ्या पोरं उचलून निघून गेल्या. "सोंग आस्तं, ठावं हाय मला," काकू म्हणाल्या. "पन मनात नसलं तर डोळ्यांत कसं यील गं? तिच्या हातात पोर देऊ नगंस." मी सातवी पास, मास्तरांची बायको. तरी कुसुमचं पाऊल वाजलं की मी शालनला कुशीत ओढायची. दुपारी जरा डोळा लागला तरी दचकून उठायची आणि बाळ चाचपून बघायची.

बाराव्या दिवशी बारसं. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत लटके धपाटे घालतात. कुसुम सकाळपासून नवं परकर-पोलकं घालून तयार होती. ती पुढं आली, हात पसरले. मी शालनला घट्ट धरून म्हणाले, "वन्सं, दुरूनच सांगा."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बायकांकडं. दोन हात लांब उभी राहून तिनं नाव सांगितलं. पाठीत धपाटा एकीनंही घातला नाही.

त्यानंतर तिनं शालनला कधी उचललं नाही, आणि 'घ्या हो' असं मीही म्हणाले नाही. माझी भीती वर्षभरात ओसरली होती. मग लाज आडवी येत राहिली. लग्न होऊन ती हिर्डोशीला गेली तेव्हा मला बरंच वाटलं. तिथं तंबू पोचला नव्हता, तिला कुणी ओळखत नव्हतं.

चिठ्ठी आली तशी मी शालनला घेऊन हिर्डोशी गाठली. माजघरात पाळणा टांगलेला होता. त्याची दोरी भलतीच लांब, दोन कासरे गाठ मारून जोडलेले, पार उंबऱ्याबाहेर आलेली. एवढी लांब कशाला, म्हणून मी विचारलं.

"कुसुम बाहीर बसून वढायची," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "घरात कुनी नसलं तर पोराजवळ जायाची न्हाई. पाजायलाबी मला शेजारी बसवायची. एकदा रागं भरले तिला, तर म्हनली, आत्याबाई, माज्या हातांचा मलाच भरवसा न्हाई. वहिनीनं ते कवाच वळखलंय..."

आत बाळ रडायला लागलं. शालन धावत गेली आणि तिनं त्याला उचलून घेतलं. मला मात्र तो उंबरा ओलांडवेना.