छत ठोकण्याचा कोर्स

"काका, जरा शुद्ध बोला ना. हे राज्यभर जाणार आहे."

स्क्रीनवरचे साहेब असं म्हणाले आणि चौकटींतले सगळे चेहरे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

जुन्या कामगारानं नव्यांना काम शिकवायचा ऑनलाइन कोर्स कंपनी बनवत होती, त्याचं ते रेकॉर्डिंग. कोळशाच्या खाणीत माझी सव्वीस वर्षं गेली. साहेबांनी आधी माझं आडनाव दोनदा विचारलं. दोनदा कशासाठी विचारतात, ते आम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. कंपनीनं खाली कॅमेरा नेऊन, पहारीनं छत ठोकतानाचं माझं काम टिपलं होतं. ते दाखवत मी सांगत होतो, "सब्बलीनं छत ठोका. टणटण वाजलं त पक्कं. भदभद वाजलं त तिथी उभं राहू नका." एवढ्यावर त्यांनी मला म्यूट केलं.

महिन्याभरानं कोर्स आला. हात माझे, बोलणारा दुसराच. खाली संगीत. छत ठोकल्याचा आवाजच काढून टाकलेला. ज्यावर माणूस जगतो, तेवढंच नेमकं गायब.

मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा आवाज नाही, म्हणून दुखतंय तुम्हाला."

आठ नव्या पोरांनी कँटीनमध्ये चहा पिता पिता मोबाइलवर कोर्सच्या प्रश्नांची उत्तरं दाबली. आठही पास. मग माझ्यापुढे कागद आला: यांना खाली नेऊन शिकवलं, सही करा. आजवर साहेब म्हणतील तिथे मी सही केली होती. त्या दिवशी पेन खाली ठेवला.

"मी यायले शिकवलंच नाई," मी म्हणालो.

काही बदललं नाही. दुसऱ्यानं सही केली. सोबतचे म्हणाले, काऊन डोकं लावतोस, रिटायर व्हायला आलास. मला लॅम्प रूममध्ये बसवलं, टोपीचे दिवे वाटायला. युनियनवाला नजर चुकवतो. छत कधीतरी खाली बसेल आणि अहवालात चूक त्या पोरांचीच निघेल, हे मला आत्ताच दिसतं.

पण दिव्याशिवाय खाली कुणाला उतरता येत नाही. सोमवारी त्या आठ जणांची पहिली पाळी आहे. मी त्यांना दिवे देणार नाही. शिकायला आधी माझ्यासोबत खाली पाठवणार असाल, तरच देतो. नाहीतर मला काढा, आणि का काढलं ते कागदावर लिहा.