जैसलमेरचा पारा

साताऱ्याच्या स्टँडसमोरचा तो रसवाला रोज मला मोबाईलवर हवामान बघायला लावतो. साताऱ्याचं नव्हे, जैसलमेरचं. आजचं आणि उद्याचंही. त्याचा मुलगा तिथं फौजेत आहे. आकडा सांगितला की त्याचा हात ग्लासावरच थांबतो आणि बर्फ वितळून जातो.

एकदा आपणहून म्हणाला, “त्येला हितंच दुकानात बसायचं हुतं. आमच्यात समदे फौजी, म्हणून मीच भरतीला धाडला. ल्हानपणापास्नं ऊन सोसत न्हाई वो त्येला.”

काल तिथं सेहेचाळीस दाखवत होतं, दुसऱ्या दिवशी आणखी वाढणार होतं. मी विषय बदलला, “साताराही लय तापलाय. बघू का?”

“आपलं काय, आपुन सावलीत हाय,” तो म्हणाला. मग गिऱ्हाईक नाही असं बघून त्यानं स्टूल उचललं आणि ताडपत्रीबाहेर, भर उन्हात जाऊन बसला.