फळीपलीकडचा आवाज

मी एकोणीस वर्षांची असतानाची गोष्ट. शिक्षिकेच्या जागेसाठी सोलापुरात मुलाखत होती, म्हणून वडील आणि मी आदल्या दिवशीच बार्शीहून एसटीने आलो आणि एका जुन्या धर्मशाळेत उतरलो. कुणा व्यापाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली. दगडी जोतं, काळे पडलेले सागवानी खांब, त्यांवर कोरलेले पोपट. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात पुढे कधीतरी फळ्या ठोकून खोल्या पाडल्या होत्या. त्या फळ्या वर छताला टेकत नव्हत्या आणि खाली जमिनीलाही.

दुपारी वडील शाळा पाहून यायला निघाले. “कडी लावून बस,” म्हणाले. धर्मशाळेचे दिवाणजीही घरी जेवायला गेले होते. सगळी इमारत सामसूम.

अचानक शेजारच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. मग फळीवर ठकठक. पाठोपाठ घोगरा, ओढल्यासारखा आवाज, “नीर... नीर...”

मला अर्थ कळेना. आवाज बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. आमची पत्र्याची पेटी मी फरफटत दाराशी नेली आणि तिच्यावर बसले. तेवढ्यात फळीखालच्या फटीतून बोटं आत आली. सुरकुतलेली, जमीन चाचपडणारी. मी पाय वर घेतले.

किती वेळ गेला कोण जाणे. बोटं हळूहळू थांबली. आणि मग मला वेगळंच भय वाटू लागलं. वाकून पाहिलं, तर मनगटात हिरवा चुडा. अरे देवा, म्हातारी बाई आहे ही!

“आजी? ओ आजी!”

पेटी सरकवून बाहेर धावले. तिच्या दाराला आतून कडी. जिन्यावरून हाका मारल्या, कुणी नव्हतं. शेवटी परत खोलीत येऊन पदर खोचला, पेटी उभी करून तिच्यावर चढले आणि फळीवरून पलीकडे उडी टाकली. गुडघा सडकून आपटला.

आजी पालथी पडली होती. कपाळाला खोक, डोळे अर्धे मिटलेले. कोपऱ्यातला तांब्या दिसला तेव्हा कुठे ‘नीर’चा अर्थ डोक्यात शिरला. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी थेंबथेंब पाणी पाजलं. घाईत निम्मं तिच्या गळ्यावरच सांडलं.

मग दाराची कडी काढून मी पुन्हा हाका मारल्या, तेव्हा नुकतेच जेवून परतलेले दिवाणजी धावतच वर आले. आजी अक्कलकोटकडची, तिचा मुलगा औषध आणायला गेला होता. ती कानडीत पुटपुटत काहीतरी सांगू लागली.

“काय म्हणतायत?” मी दिवाणजींना विचारलं.

“म्हणत्यात, पडल्यावर लई घाबरले. पर शेजारी पेटी वडलेली आयकू आली. कुणीतरी जवळ हाय म्हणून धीर आला.”

मी मान खाली घातली.

टांग्याने तिला दवाखान्यात नेलं. टाके पडले, पण हाड शाबूत होतं. संध्याकाळी मुलाचा हात धरून ती परत आली, थेट आमच्या दारात. माझ्या गालांवरून हात फिरवत कितीतरी वेळ कानडीत बोलत राहिली. वडील कौतुकाने पाहत होते. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, फक्त पेटी का ओढली ते सोडून.